टोचलेल्या पेशी हृदयात टिकवायच्या, तर आधी गळती मोजा

आमच्या प्रयोगशाळेत नव्याने आलेली मुलं पहिल्याच आठवड्यात जनुकांवर येतात. पेशीत अमुक जनुक घालू, मग ती मरणारच नाही! मी त्यांना म्हणते, बाबांनो, रिकामी झालेली सिरिंज आधी सलाइनने धुवा आणि त्यात किती पेशी निघतात ते मोजा.

मोठ्या हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यातल्या शंभर कोटींपर्यंत स्नायुपेशी जातात आणि हृदय त्या जवळजवळ परत बनवत नाही. म्हणून स्टेम सेलपासून, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या पेशी बनवू शकणाऱ्या मूळ पेशींपासून, तयार केलेल्या पेशी बाहेरून द्यायच्या. पण टोचलेल्यांपैकी बहुतेक पहिल्या काही तासांतच दिसेनाशा होतात. काही आठवड्यांनी शेकडा एखाद-दोन सापडल्या तरी पुष्कळ. आता हे बघा: पेशींच्याच आकाराचे निर्जीव मणी धडधडत्या हृदयात टोचले, तर तेही बहुसंख्येने वाहून जातात. मणी काही मरत नाहीत. म्हणजे पहिली मोठी गळती निव्वळ यांत्रिक आहे. हृदय दर ठोक्याला पिळलं जातं, सुईच्या भोकातून माल परत येतो, काही शिरांवाटे थेट फुप्फुसात पोचतो. ही गळती कमी केल्याशिवाय जनुकांवर पैसे घालू नका.

पुढचं सगळं प्रयोगशाळेतल्या रॅटवरच्या कामासाठी आहे. संस्थेच्या प्राणी नैतिक समितीची परवानगी, आणि मानवी स्टेम सेल असतील तर स्टेम सेल संशोधन समितीचीही, हातात आल्याशिवाय पेशी वाढवायला घेऊ नका.

सुरुवात पेशी सोडवण्यापासून. डिशच्या तळाला धरून बसलेली पेशी एन्झाइमने सोडवली की तिचा आधार सुटतो, आणि आधार सुटलेली पेशी स्वतःहून मरणाची तयारी करू लागते. म्हणून ट्रिप्सिन हे एन्झाइम लावून चहाला जाऊ नका. मायक्रोस्कोपखाली बघत राहा, पेशी गोल होऊन हलू लागल्या की लगेच थांबवा. पिपेटने जोरजोरात वरखाली करण्यापेक्षा छोटे पुंजके राहिलेले परवडतात, फक्त ते सुईत अडकणार नाहीत इतके लहान हवेत. मानवी प्लुरिपोटंट, म्हणजे शरीरातली कोणतीही पेशी बनू शकणाऱ्या, स्टेम सेल एकेकट्या केल्या की पटापट मरतात. त्यावर वाय-२७६३२ नावाचा रॉक-इनहिबिटर, म्हणजे रॉक हे एन्झाइम रोखणारा रेणू, १० मायक्रोमोलर प्रमाणात वापरतात. त्याचा हा उपयोग २००७ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवला.

मग मोजणी. ट्रिपॅन ब्लू मेलेल्या पेशीत शिरतो, जिवंत पेशी पांढरी राहते. मिसळल्यावर काही मिनिटांत मोजा, कारण हा रंग स्वतःच विषारी आहे. मोजणी तीन ठिकाणी करा: सोडवल्यावर, बर्फात थांबून झाल्यावर आणि खऱ्या सुईतून बाहेर काढल्यावर. तिसरी मोजणी सगळे टाळतात, आणि मला विचाराल तर तीच सर्वांत महत्त्वाची. बारीक सुईतून जोरात दाबलं की पेशींचं आवरण फाटतं. शिवाय ट्रिपॅन ब्लू फक्त फाटलेलं आवरण ओळखतो. मरणाच्या वाटेवर असलेली पेशी त्याला ठणठणीत दिसते. म्हणून सुईतून आलेला थोडा नमुना परत डिशमध्ये घाला आणि दुसऱ्या दिवशी किती चिकटल्या ते पाहा.

गोव्यातल्या लॅबसाठी काही गोष्टी कोणत्याच प्रोटोकॉलमध्ये सापडत नाहीत. जून ते सप्टेंबर इन्क्युबेटरचं पाणी दर आठवड्याला बदला, दाराच्या रबरावरची बुरशी पुसा. पावसात छत्र्या आणि ओले जोडे कल्चर रूमच्या बाहेरच. वीज गेली तर इन्क्युबेटर उघडून बघायचं नाही, बंद दाराआड तो बराच वेळ ऊब धरतो. चवथीच्या आधी कार्बन डायऑक्साइडचा जादा सिलिंडर आणि द्रव नायट्रोजन भरून ठेवा, त्या दिवसांत कोणी येत नाही. आणि पेशी प्राणिगृहात नेताना मासळीचा आइसबॉक्स कितीही स्वच्छ धुतलेला असला तरी नको. हे मी उगाच लिहीत नाही.

पेशींना टोचण्याआधी कष्टाची सवय लावणं हा माझा आवडता भाग. गोव्यात खाडीकाठच्या खाजन शेतीत कोरगुटासारखं खाऱ्या मातीत तगणारंच भात पेरतात, तसंच हे. ज्या जागी पेशी जाणार तिथे रक्त नाही, म्हणजे ऑक्सिजन नाही. मग आदल्या दिवशी त्यांना १ टक्क्याच्या आसपास ऑक्सिजनमध्ये २४ तास ठेवा. एचआयएफ-१ हे प्रथिन टिकून राहतं, आणि ते नव्या रक्तवाहिन्यांना बोलावणाऱ्या व्हीईजीएफसारख्या घटकांची जनुकं चालू करतं. मूळ कल्पना जुनी आहे: १९८६ मध्ये मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी कुत्र्याच्या हृदयाचा रक्तपुरवठा पाच-पाच मिनिटं चार वेळा थांबवून पुन्हा सुरू केला, आणि त्यानंतरच्या दीर्घ अडथळ्यात कमी स्नायू मेला. ऑक्सिजन कमी करता येणारा इन्क्युबेटर नसेल तर नायट्रोजनने भरलेला हवाबंद डबा चालतो, पण आत ऑक्सिजन मीटर हवाच. अंदाजाने केलेला कमी ऑक्सिजन म्हणजे नुसत्या मेलेल्या पेशी.

एका उपायाने भागत नाही, कारण पेशीला मरायच्या वाटाच अनेक आहेत. लाफ्लाम आणि मरी यांनी २००७ मध्ये मानवी भ्रूण स्टेम सेलपासून बनवलेल्या हृदयपेशी रॅटमध्ये टिकवल्या, त्या मिश्रणाने: आदल्या दिवशी ४३ अंशांचा उष्ण झटका, मग टोचताना मॅट्रिजेल हे पेशींना धरणारं जेल, आयजीएफ-१ हा वाढीचा घटक, सायक्लोस्पोरिन आणि पिनॅसिडिल ही औषधं आणि पेशीमृत्यू रोखणारे आणखी दोन रेणू. पेशीही अटॅकच्या दिवशी नाही, चार दिवसांनी टोचल्या. पहिल्या दिवसांत तिथे सूज आणि ऑक्सिजनच्या विषारी रूपांचा आगडोंब असतो. फार उशीर केला तर घट्ट व्रण तयार होतो. मधली खिडकी लहान आहे. मॅट्रिजेल उंदराच्या गाठीपासून बनतं, माणसात ते चालणार नाही, हे रॅटमधल्या यशाने हुरळून जाण्याआधी आठवा.

पेशींना धरून ठेवणाऱ्या जेलमध्ये फायब्रिन, कोलॅजन आणि अल्जिनेट हे आपले नेहमीचे. अल्जिनेट तपकिरी समुद्री शेवाळातून येतं. हणजुण्याच्या खडकांवर ओहोटीला जे सरगॅसम दिसतं, त्याच्याच जातकुळीतून. पण म्हणून कोणी पिशवी घेऊन तिकडे जाऊ नका. त्यातले एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंचं विष, काढून शुद्ध केलेलंच वापरायचं, नाहीतर तुम्हीच नवी सूज टोचाल. दुसरं असं, की साध्या अल्जिनेटला पेशी चिकटत नाही. त्याला आरजीडी नावाचा तीन अमिनो आम्लांचा तुकडा जोडला की पेशीला हात धरायला जागा मिळते, आणि आधार सुटण्याचा मघाचा प्रश्नही हलका होतो.

टोचताना घाई नको. रॅटचं हृदय मिनिटाला तीन-साडेतीनशे ठोके घेतं. एकाच जागी सगळं रिकामं करण्यापेक्षा काही मायक्रोलिटर दोन-तीन ठिकाणी, मेलेल्या भागाच्या कडेला, जिथे थोडं रक्त अजून पोचतं. दाबून झाल्यावर सुई लगेच ओढू नका, थोडी थांबू द्या. पेशींचा पातळ थर हृदयावर चिकटवणं हा दुसरा मार्ग. ओसाकात २०२० मध्ये आयपीएस पेशींपासून (साध्या पेशी मागे नेऊन केलेल्या स्टेम सेलपासून) बनवलेल्या हृदयपेशींचा असा थर रुग्णाला लावला. त्यात गळती कमी, पण थर मूळ स्नायूशी विजेच्या तालात जुळेलच असं नाही, आणि रक्तवाहिन्या आल्याशिवाय तो एक-दोनशे मायक्रॉनपेक्षा जाड झाला की आतल्या पेशी गुदमरतात. मानवी पेशी साध्या रॅटमध्ये टोचून त्या नाहीशा झाल्या म्हणून रडू नका. त्यांची प्रतिकारशक्ती त्या संपवणारच. थायमसविरहित, म्हणजे प्रतिकारशक्ती अपुरी असलेले, रॅट घ्या किंवा औषधाने ती दाबा.

मधूनमधून म्हापशाहून, साखळीहून फोन येतात: बाय, आमच्या ह्यांना ते स्टेम सेल देता येईल का? उत्तर नाही असंच द्यायचं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार काही रक्तविकार वगैरेंसाठीचं रक्तपेशींचं प्रत्यारोपण सोडून बाकी सगळं अजून संशोधन आहे, आणि मान्यताप्राप्त चाचणीबाहेर पैसे घेऊन कोणी देत असेल तर तिथून उठून यायचं. छातीत दुखलं तर १०८.

टिकलेल्या पेशी मोजण्याच्या पद्धतीवर निकाल उलटासुलटा होतो, म्हणून इथे कंजुषी करू नका. लोहाचे कण भरून एमआरआयवर पाहिलं, तर पेशी मेल्यावर ते कण मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी गिळतात आणि ठिपका तसाच दिसतो. पेशीत आधी घातलेल्या ल्युसिफरेज या एन्झाइमचा प्रकाश मात्र जिवंत पेशीच देते. नर दात्याच्या पेशी मादी रॅटला देऊन वाय गुणसूत्राचा पीसीआर (डीएनए मोजण्याची चाचणी) करणं स्वस्त आणि भरवशाचं. नमुने एका तासाला, एका दिवसाला आणि आठवड्याला घ्या. तासाचा आकडाच पडलेला असेल तर दोष सुईत आणि जेलमध्ये आहे. तास ठीक आणि आठवडा पडला, तर दोष ऑक्सिजनचा, सुजेचा किंवा शरीराने परक्या पेशी नाकारल्याचा. कुठे काम करायचं ते या दोन आकड्यांवरून ठरवा.

आणि पेशी खरंच टिकल्या, तर नवी अडचण सुरू होते. २०१४ मध्ये मकाक माकडांना शंभर कोटी मानवी हृदयपेशी दिल्या. त्या टिकल्या, पण हृदयाची लय बिघडली. टोचलेल्या कच्च्या पेशी स्वतःच ठोके देऊ पाहतात. रॅटमध्ये हे सहसा दिसत नाही, कारण त्याचं हृदय इतकं जलद चालतं की टोचलेल्या पेशींचा संथ ठोका त्याखाली झाकला जातो. म्हणून मोठ्या प्राण्याकडे जाताना ईसीजीची सतत नोंद दुरून पाठवणारं टेलिमेट्री यंत्र पेशी टोचण्याआधीच बसवून घ्या, आधीची लय नोंदवा, आणि पहिले काही आठवडे ते एक रात्रही बंद ठेवू नका.