भांडणाआधी शिडीवरून खाली या

मेसेज वाचला गेलाय, उत्तर नाही. घडलंय एवढंच. तासाभरात मात्र मनात पक्कं होतं, ‘त्याला माझी किंमतच नाही.’ घटनेपासून निष्कर्षापर्यंतच्या मनाच्या या उड्यांना अमेरिकी अभ्यासक क्रिस आर्जिरिस यांनी ‘अनुमानाची शिडी’ म्हटलं. नात्यांसाठी आधी हेच प्रारूप शिकावं.

कागदावर खालून वर लिहा. तळाशी फक्त डोळ्यांनी दिसलेलं, कानांनी ऐकलेलं: ‘९ ला मेसेज वाचला, ११ पर्यंत उत्तर नाही.’ त्यावर तुम्ही लावलेला अर्थ: ‘मुद्दाम टाळलं.’ त्यावर निष्कर्ष: ‘हा असाच आहे.’ सगळ्यात वर, तुम्ही करायला निघालात ते: अबोला. चूक बहुधा तळाशीच होते. ‘तो तुसडेपणाने बोलला’ हेही घटना म्हणून लिहिलं जातं. तुसडेपणा हा तुमचा अर्थ. घटना म्हणजे त्याचे नेमके शब्द.

आता अर्थाच्या पायरीवर आणखी दोन शक्यता लिहा. सुचत नसतील तर तुमच्याकडून असंच कधी झालं होतं ते आठवा. तेव्हा कारण परिस्थितीत होतं ना? दुसऱ्याच्या बाबतीत आपण थेट स्वभावावर बोट ठेवतो. मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मध्ये याला गुणारोपणातली मूलभूत चूक म्हटलं.

बोलायला तळापासून सुरुवात करा: “मेसेज वाचलेला दिसला, उत्तर आलं नाही. मला वाटलं, तू चिडलायस. तसं आहे का?” शेवटचा प्रश्न गाळलात की आरोप होतो. विचारल्यावर गप्प राहा, उत्तर पुरतं येऊ द्या.

घरकामाच्या वादाला शिडी पुरत नाही. तिथे दोघांनी आपापला वाटा टक्क्यांत, वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहावा. बेरीज बऱ्याचदा १०० च्या वर जाते. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या मानसशास्त्राच्या संशोधकांना १९७९ च्या अभ्यासात जोडप्यांमध्ये हेच आढळलं. कुणी खोटं बोलत नसतं, स्वतः केलेलं जास्त आठवतं इतकंच. म्हणून टक्क्यांवरून भांडू नका, कामांची यादी करा. बिलाची तारीख लक्षात ठेवणं, डॉक्टरांची वेळ घेणं ही न दिसणारी कामंही त्यात हवीत.

छाती धडधडत असताना यातलं काही जमत नाही. निदान २० मिनिटं थांबा, पण “साडेनऊला बोलू” असं सांगून उठा. न सांगता निघून गेलात तर समोरचा त्याच्या शिडीवर चढायला लागतो.

मारहाण, धमक्या, पाळत असेल तिथे मात्र दुसरा अर्थ शोधत बसू नका. विश्वासातल्या माणसाला सांगा, आधी सुरक्षित जागी जा.