लुई विरुद्ध अली: काल्पनिक लढतीचा अंदाज कसा बांधावा

मुष्टियुद्धातील (बॉक्सिंगमधील) वेगवेगळ्या काळांतील विजेत्यांची लढत मनात जुळवताना प्रथम दोघांचेही वर्ष ठरवावे. नुसते ‘जो लुई विरुद्ध मुहम्मद अली’ एवढे म्हणणे पुरेसे नाही. १९३८ मध्ये मॅक्स श्मेलिंगला पहिल्याच फेरीत संपवणारा लुई आणि नोव्हेंबर १९६६ मध्ये क्लीव्हलँड विल्यम्सला तिसऱ्या फेरीत हरवणारा अली समोरासमोर आणला, तरच तुलना न्याय्य ठरते. मग नियम ठरवावेत. येथे दोघेही १५ फेऱ्यांच्या काळातले आहेत, त्यामुळे वाद उरत नाही.

खरे काम यापुढे आहे. विजयांची बेरीज न करता प्रत्येकाला कोणत्या शैलीने त्रास दिला हे तपासावे. जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) मारल्यावर लुईचा डावा हात खाली येतो हे हेरून श्मेलिंगने १९३६ मध्ये त्यावरून उजवे ठोसे लगावले आणि बाराव्या फेरीत त्याला नॉकआउट केले. १९४१ मध्ये वजनाने बराच हलका, पण चपळ असलेला बिली कॉन बारा फेऱ्यांनंतर गुणांवर पुढे होता आणि तेराव्या फेरीत नको ते धाडस करून पडला. अलीला मात्र डाव्या हूकचे (कोपर वाकवून बाजूने मारलेल्या ठोशाचे) वावडे होते: १९६३ मध्ये हेन्री कूपरने आणि १९७१ मध्ये जो फ्रेझरने त्याला त्याच ठोशाने खाली बसवले. लुईचा हूक आखूड आणि अचूक असल्याने अली एकदा पडेल, असे मी धरतो. तरी कॉनला जमलेले पदलालित्य अधिक उंची आणि वजनासह अलीजवळ असल्याने माझा कौल गुणांवर अलीला आहे.