कॅसँड्रा क्लस्टरला जोडणारी छोटी शेल स्क्रिप्ट कशी लिहावी

समजा, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑर्डरी कॅसँड्रा या डेटाबेसमध्ये आहेत. मागावरून किती डझन उतरले, गाठी कुठल्या कंटेनरमध्ये चढल्या, सगळं तीन नोडच्या, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या तीन सर्व्हरच्या, क्लस्टरवर. नोड मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये, तुम्ही जुळे सोलापुरात. पॅकिंगमधून फोन येतो, "ऑर्डर दिसंना झालीय की ओ सर," आणि तुम्ही जुन्या चॅटमध्ये आयपी पत्ता शोधत बसता.

कॅसँड्रात कुठलाही नोड क्वेरी घेऊ शकतो. पण हाताने क्वेरी चालवायचं टूल, म्हणजे सीक्यूएलएसएच, एका वेळी एकच पत्ता घेतं. नेमका तोच नोड बंद असेल, तर बाकीचे दोन धडधाकट असूनही पडद्यावर एरर. ॲप्लिकेशनला कॅसँड्राशी जोडणारा ड्रायव्हर हे आपोआप निभावून नेतो, आपल्याला मात्र ते स्क्रिप्टमध्ये लिहावं लागतं.

खालच्या आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच लहान रोमन अक्षरांत टाइप करायच्या. मशीन लिनक्सचं धरलं आहे.

घरच्या बिन फोल्डरमध्ये 'जोड' नावाची फाइल करा. पहिल्या ओळीत हॅश, उद्गारचिन्ह आणि बॅशचा पत्ता. त्याखाली केस लिहा: पहिला शब्द 'टेस्ट' असेल तर चाचणीच्या नोडची यादी, 'प्रॉड' असेल तर खऱ्या क्लस्टरची. तिसरंच काही आलं, तर वापर कसा करायचा ते एका ओळीत छापून बाहेर पडा. क्लस्टरचं नाव दिलंच नाही तर आपोआप प्रॉड, अशी सोय चुकूनही ठेवू नका.

आता मुख्य काम, जिवंत नोड शोधणं. यादीचा क्रम 'शफ' आज्ञेने पिसून घ्या, नाहीतर सगळे जण कायम पहिल्याच नोडवर जाऊन आदळतील. मग फॉर लूपमध्ये प्रत्येक पत्त्यावर 'एनसी' चालवा. 'झेड' पर्यायाने ती फक्त पोर्ट उघडा आहे का तेवढं बघते, आणि 'डब्ल्यू २' दिलं की दोन सेकंदांवर ताटकळत नाही. कॅसँड्राचा नेहमीचा पोर्ट ९०४२. जो नोड पहिला उत्तर देईल तो धरा आणि 'ब्रेक' करा. एकही सापडला नाही तर 'क्लस्टर बंद' असं छापू नका. लाइट जाऊन राउटर बंद-चालू झाला की व्हीपीएन, म्हणजे मुंबईच्या नोडपर्यंतचा सुरक्षित जोड, तुटतो आणि तिन्ही नोड एकदम मेल्यासारखे दिसतात. म्हणून संदेश असा: 'एकही नोड सापडला नाही, आधी व्हीपीएन बघा'.

पासवर्ड स्क्रिप्टमध्ये नको, आणि आज्ञेच्या ओळीत तर नकोच, कारण त्याच मशीनवरच्या दुसऱ्या कुणी 'पीएस' मारलं की तो दिसू शकतो. कॅसँड्रा ४.१ पासून सीक्यूएलएसएचला वेगळी क्रेडेन्शियल्स फाइल, म्हणजे नाव-पासवर्डची फाइल, देता येते. टेस्ट आणि प्रॉडसाठी दोन फाइली करा, दोन्हींना सीएचमॉड ६०० लावा (म्हणजे फक्त तुम्हालाच वाचता-लिहिता येतील) आणि केसमध्येच योग्य फाइल निवडा.

प्रॉडसाठी एक अडसर हवाच. 'रीड' वापरून क्लस्टरचं पूर्ण नाव टाइप करायला लावा. नुसतं 'वाय' दाबायची बोटांना सवय होते आणि मग त्या प्रश्नाला काही अर्थ उरत नाही. हा अडसर टर्मिनलवर माणूस बसलेला असतानाच विचारा. त्यासाठी 'डॅश टी शून्य' ही तपासणी आहे, नाहीतर क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, चालणारं काम तिथेच फसेल.

केस संपल्यावर 'शिफ्ट' करून पहिला शब्द काढून टाका. शेवटच्या ओळीत 'एक्झेक' लावून सीक्यूएलएसएच चालवा, नोडचा पत्ता, पोर्ट आणि निवडलेली क्रेडेन्शियल्स फाइल द्या, आणि दुहेरी अवतरणात डॉलर-ॲट लिहून उरलेले पर्याय जसेच्या तसे पुढे सोडा. म्हणजे 'जोड टेस्ट' पुढे 'डॅश ई' आणि क्वेरी लिहिली की उत्तर छापून टूल बंद होतं. स्क्रिप्टला सीएचमॉड ७०० द्या.

एक गोष्ट स्क्रिप्टबाहेरची. सीक्यूएलएसएच मुळात 'वन' या कन्सिस्टन्सीवर वाचतं, म्हणजे वेगवेगळ्या नोडवर ठेवलेल्या डेटाच्या प्रतींपैकी एकाच प्रतीचं उत्तर पुरतं. ती प्रत मागे पडलेली असली, तर नुकतीच भरलेली ऑर्डर खरंच दिसत नाही. पॅकिंगवाल्यांना उत्तर देण्याआधी 'कन्सिस्टन्सी लोकल कोरम' टाइप करून (लोकल आणि कोरम यांच्यामध्ये अंडरस्कोअर; अर्थ, बहुसंख्य प्रतींचं उत्तर हवं) तीच क्वेरी पुन्हा चालवा.

तपासायला चाचणी क्लस्टरचा एक नोड मुद्दाम बंद करा आणि 'जोड टेस्ट' चार-पाच वेळा चालवा. दर वेळी चालू असलेल्या दोनपैकी एकावर पोचायला हवं. मग व्हीपीएन तोडून बघा.