पायथनच्या गाभ्यात पहिली दुरुस्ती पाठवताना

पायथन या प्रोग्रामिंग भाषेसाठी दुरुस्त्या पाठवणारे खूप, तपासणारे मोजके. म्हणून तपासणाऱ्याचं ओझं हलकं होईल अशीच दुरुस्ती पाठवा. पुढच्या सगळ्या सूचना त्यासाठीच आहेत.

पायथनचा मूळ इंटरप्रिटर (पायथनमधला कोड चालवणारा प्रोग्राम) म्हणजे सीपायथन. त्याचा कोड २०१७ पासून गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवर आहे, आणि २०२२ पासून बगही तिथेच नोंदवतात. फोर्क करून (स्वतःची प्रत घेऊन) ‘मेन’ या मुख्य शाखेवरून नवी ब्रँच काढा. बिल्डआधी कॉन्फिगर करताना ‘विथ-पायडीबग’ पर्याय द्याच, कारण त्यामुळे सी कोडमधले असर्ट (आतल्या तपासण्या) चालू होतात आणि रेफरन्स (एखादी वस्तू किती ठिकाणी वापरात आहे ते) मोजण्यातल्या चुका लवकर उघड्या पडतात. मग ‘मेक’ ही आज्ञा चालवून बिल्ड करा. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीच्या हेडर फाइली नसल्या तरी बिल्ड थांबत नाही. कोणती मॉड्यूल्स बनली नाहीत याची यादी तेवढी शेवटी येते, आणि ती हमखास नजरेतून सुटते. मॅकवर बनलेल्या फाइलला ‘डॉट ईएक्सई’ शेपूट दिसेल. सोर्स कोडमध्ये ‘पायथन’ नावाचा फोल्डर आधीच असतो आणि फाइल सिस्टम सहसा लहान-मोठी अक्षरं वेगळी मानत नाही, म्हणून ही सोय.

कोडला हात लावण्याआधी टेस्ट एकदा चालवून घ्या, म्हणजे आधीपासूनच नापास होणाऱ्या टेस्ट कळतील. मग बग दाखवणारी टेस्ट लिहा. दुरुस्तीपूर्वी ती नापास झालीच पाहिजे, नाहीतर ती काहीच सिद्ध करत नाही. जाता जाता आसपासचा कोड नीटनेटका करण्याचा मोह आवरा.

पुल रिक्वेस्टच्या (बदल सामील करून घेण्याच्या विनंतीच्या) शीर्षकात इश्यूचा (बगच्या नोंदीचा) क्रमांक हवा. वापरणाऱ्याला जाणवेल असा बदल असेल तर ‘ब्लर्ब’ या साधनाने बातमीची नोंद जोडा, आणि योगदानाच्या करारावर सही करा. तपासणी सुरू झाल्यावर फोर्स-पुश (जुने कमिट बदलून त्यांच्या जागी नवे चढवणं) करू नका. तपासणाऱ्याला सगळं पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागतं. नवे कमिट जोडत जा, शेवटी सगळ्यांचा मिळून एकच होतो. महिनाभर उत्तर आलं नाही, तर नम्रपणे आठवण करा.

नवी सुविधा हवी असेल तर कोड नंतर, चर्चा आधी. भाषेच्या व्याकरणात बदल असेल तर पेप (बदलाचा औपचारिक प्रस्ताव) लिहावा लागतो, आणि लेखक स्वतः कोअर डेव्हलपर (बदल थेट सामील करण्याचा अधिकार असलेला) नसेल तर एखाद्या कोअर डेव्हलपरचं पाठबळही लागतं. पायथनचे जनक खीडो व्हान रॉसम यांनी २०१८ मध्ये अंतिम निर्णयाचा अधिकार सोडला. आता निर्णय निवडून आलेली पाच जणांची सुकाणू समिती घेते. नवी आवृत्ती दर ऑक्टोबरात येते, पण मे महिन्यातल्या पहिल्या बीटापासून (चाचणी आवृत्तीपासून) नव्या सुविधांना दार बंद होतं. एप्रिलअखेर पाठवलेलं काम बहुधा पुढच्या वर्षावर जातं.