हुआंगछिनचा दाहशामक गुण तपासताय? या चुका टाळा

हुआंगछिनचं, म्हणजे स्कुटेलारिया बैकालेन्सिस या चिनी औषधी वनस्पतीचं, मूळ हाती आलं की ते रात्रभर थंड पाण्यात भिजत घालू नका. विद्यार्थ्यांच्या दर बॅचला हे सांगते आणि दर बॅचला कुणीतरी तेच करतं. 'सकाळी आलो की लगेच अर्क काढता येईल', ही त्यामागची घाई.

चांगलं मूळ मोडलं की आतून पिवळंधमक दिसतं. ते थंड पाण्यात पडलं की मुळातलंच एक विकर (एन्झाइम) कामाला लागतं. बायकॅलिन या मुळातल्या मुख्य घटकामधलं ग्लुकुरॉनिक आम्ल ते तोडतं, बायकॅलेइन मोकळं होतं आणि हवा लागून त्याचं ऑक्सिडेशन झालं की काप हिरवट पडतात. म्हणजे जे तपासायचं तेच आदल्या रात्री वाया गेलं. म्हणूनच चीनच्या औषधसंहितेत काप करण्याआधी मूळ 10 मिनिटं उकळायला किंवा अर्धा तास वाफवायला सांगितलंय, आणि कडक उन्हात वाळवू नका असंही बजावलंय. वाळलेल्या मुळात बायकॅलिन किमान 9 टक्के हवं, हाही तिथलाच नियम. मी प्रत्येक पुड्यातले दोन-चार काप मोडून बघते. हिरवी झाक दिसली की पुडा परत. चांगला निघाला तर काप थेट उकळत्या पाण्यात.

दुसरी चूक जास्त महागात पडते, कारण ती आलेखात यश म्हणून दिसते.

एका विद्यार्थिनीने मोठ्या आनंदाने निकाल दाखवले होते. रॉ 264.7 या उंदराच्या मॅक्रोफेज (रोगप्रतिकारक) पेशींना एलपीएस, म्हणजे दाह पेटवणारा जिवाणूंच्या आवरणातला घटक, दिलेलं, सोबत अर्क. सगळ्यात वरच्या डोसला नायट्राइट (पेशींनी बनवलेल्या नायट्रिक ऑक्साइडची, म्हणजे दाहाची खूण) जवळपास शून्यावर, आणि एमटीटीत (जिवंत पेशी जांभळा रंग देतात, त्यावरून त्या मोजायची चाचणी) पेशी शंभर टक्क्यांहून जास्त जिवंत. प्रबंधाची सिनॉप्सिस त्याच आठवड्यात द्यायची होती. मी म्हटलं, आधी प्लेट मायक्रोस्कोपखाली ठेव. त्या डोसच्या वेलमध्ये (प्लेटवरच्या खळग्यात) पेशी आक्रसून गोल झालेल्या, बऱ्याचशा सुटून तरंगत होत्या. मेलेली पेशी नायट्रिक ऑक्साइड बनवणार कुठून? मग एमटीटी एवढं छान कसं आलं, हे बघायला नुसतं मीडियम, अर्क आणि एमटीटी एकत्र ठेवलं. वेलमध्ये एकही पेशी नव्हती, तरी जांभळा रंग चढला. बायकॅलेइनसारखी फ्लॅव्होनॉइडं एमटीटीचं क्षपण स्वतःच करतात. ते सगळे आलेख बाद करावे लागले. पोरगी मेहनती होती, तिला बिनपेशींची एक रांग ठेवायला कुणी सांगितलंच नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

माझी सवय अशी: आधी मायक्रोस्कोप, मग ग्रीस चाचणीसाठी (नायट्राइट मोजायला) वरचं मीडियम वेगळं काढायचं. पेशी कोमट पीबीएसने (क्षारयुक्त बफरने) हलक्या हाताने धुवायच्या, या पेशी पटकन सुटतात. मग ताज्या मीडियममध्ये एमटीटी. शेजारी बिनपेशींची रांग, आणि वरच्या डोसला ट्रिपॅन ब्लूने (मेलेल्या पेशीच रंगवणाऱ्या रंगाने) मोजणी. वेळ लागतो. लागू दे.

बाकीच्या चुका थोडक्यात.

अर्काचा पिवळा रंग ग्रीसच्या रीडिंगमधून वजा करा. प्रत्येक डोसचा वेगळा ब्लँक (फक्त अर्काच्या रंगाचं रीडिंग) लागतो.

अर्क विरघळवायचा द्रावक डीएमएसओ सगळ्या वेलमध्ये सारखाच हवा, कंट्रोलमध्येसुद्धा.

मुळाला माती असते, मातीत जिवाणू, म्हणून अर्कातच एंडोटॉक्सिन (म्हणजे एलपीएसच) असू शकतं. नुसत्या अर्काने नायट्राइट वाढलं तर आधी हाच संशय घ्या.

फार जुन्या पॅसेजच्या (पुन्हा पुन्हा नव्या भांड्यात वाढवलेल्या) पेशी एलपीएसला नीट दाद देत नाहीत. गोठवून ठेवलेल्या पेशींची नवी व्हायल काढा.

एक चूक मात्र प्लेटच्या बाहेरची, आणि ती मला सगळ्यात जास्त खटकते: पेशींवर चाललं म्हणून 'सांधेदुखीवर गुणकारी' असं लिहून मोकळं होणं. तोंडावाटे घेतलेलं बायकॅलिन आतड्यातले जिवाणू तोडतात, शोषलेल्या बायकॅलेइनला शरीर पुन्हा ग्लुकुरॉनिक आम्ल जोडतं. प्लेटमध्ये ओतलेला डोस सांध्यापर्यंत तसाच पोहोचत नाही. अमेरिकेत याच मुळाचा आणि आपल्या खैराचा अर्क मिळून केलेलं फ्लॅव्होकॉक्सिड संधिवातासाठी दिलं जात होतं. काहींच्या यकृताला आणि फुप्फुसांना इजा झाली. नोव्हेंबर 2017 मध्ये तिथल्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) ते घेऊ नका असं सांगितलं आणि जानेवारी 2018 मध्ये ते बाजारातून मागे घेतलं गेलं. प्रबंधाच्या निष्कर्षात 'उंदराच्या मॅक्रोफेज पेशींमध्ये' हे शब्द नसले, तर मी सही करत नाही.