मेडिकल कॉलेज निवडताना

दोन कॉलेजांत अडकला असाल तर इमारत राहू द्या, सकाळी ओपीडीत जाऊन बसा. केस पेपरची रांग लांब असेल तर शिकायला मिळेल. मग एखाद्या इंटर्नला गाठा: टाके स्वतः घालतोस की पीजींच्या, म्हणजे पुढचं एमडी-एमएस शिकणाऱ्या डॉक्टरांच्या, मागे फायली धरून उभा राहतोस? उत्तराआधी चेहराच सांगतो. मोठ्या शहरात गुंतागुंतीच्या केसेस रेफर होऊन येतात खऱ्या, पण साध्या बाळंतपणात हात घालायला तुमचा नंबर कधी लागेल, कोण जाणे! हॉस्टेल आवारात नसेल तर मी तरी नाही म्हणेन. नाइट ड्युटी संपवून तासभर बसला लोंबकळत आलेला माणूस पुस्तक उघडत नाही, झोपतो. खोली कितव्या वर्षापर्यंत मिळते, तेही ऑफिसातून लेखी घ्या. मेस? ती कुठेही सारखीच.