नॅनोकण आतड्याचा पेशीथर ओलांडतात का, हे प्रयोगशाळेत कसे तपासावे

तोंडावाटे द्यायचे औषध नॅनोकणांत भरले आणि ते रक्तात पोहोचले, एवढ्यावरून कणही शोषले गेले असे ठरत नाही. कण आतड्यातच फुटून केवळ औषध पुढे गेलेले असू शकते. म्हणून प्रयोगाची आखणी प्रथमपासूनच हा फरक उघड होईल अशी करावी.

सुरुवात पेशींपासून नव्हे, तर कणांपासून करावी. १.२ सामूच्या कृत्रिम जठररसात आणि नंतर पित्तक्षार घातलेल्या, ६.८ सामूच्या कृत्रिम आंत्ररसात ते ठेवून त्यांचा आकार पुन्हा मोजावा. पाण्यात सुटे राहणारे कण तेथे एकमेकांना चिकटत असतील, तर आधी त्यांचे आवरण सुधारावे.

त्यानंतर कॅको-२ पेशी सच्छिद्र पटलाच्या इन्सर्टवर (तळाशी पटल असलेला छोटा पेला; तो भांड्यात बसवला की वरचा आणि खालचा असे दोन कप्पे होतात) सुमारे २१ दिवस वाढवाव्यात. या पेशी मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून मिळवलेल्या असल्या, तरी पक्व झाल्यावर लहान आतड्याच्या शोषक पेशींसारख्या वागतात. पटलाच्या ०.४ मायक्रोमीटरच्या छिद्रांत कण अडकू शकतात, त्यामुळे ३ मायक्रोमीटरची छिद्रे बरी. मात्र त्यांतून पेशी खालच्या बाजूस उतरत नाहीत ना, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे, आणि पेशी नसलेल्या इन्सर्टमधून किती कण जातात हेही मोजावे. थराचा विद्युतरोध कण घालण्यापूर्वी व नंतर नोंदवावा, कारण तो कोसळला असेल तर कणांनी थर ओलांडला नसून इजा केली असण्याची शक्यता अधिक. कॅको-२ पेशी श्लेष्म बनवत नाहीत. खऱ्या आतड्यातला तो मोठा अडसर हवा असेल, तर श्लेष्म बनवणाऱ्या एचटी२९-एमटीएक्स पेशी सोबत वाढवाव्यात.

सर्वाधिक काळजी मोजणीत घ्यावी. फ्लुओरेसंट रंग कणांतून सुटून एकटाच खाली उतरतो आणि खालच्या कप्प्यातली ती चमक कणांचीच समजली जाते. या क्षेत्रातले अनेक उत्साहवर्धक निष्कर्ष याच ठिकाणी डळमळीत होतात, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून तेवढाच मोकळा रंग दुसऱ्या इन्सर्टमध्ये घालून तुलना करावी, बफरमध्ये (सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) तितक्याच वेळात किती रंग सुटतो ते पाहावे, आणि खालच्या द्रवात अखंड कण आहेत का, हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तपासावे. ४ अंश सेल्सिअसला वाहतूक मंदावली, तर पेशी ऊर्जा खर्चून कण आत घेत असाव्यात असा कयास करता येतो. पण थंडीने साधे विसरणही मंदावते, म्हणून हा पुरावा एकटा पुरेसा मानू नये.

अखेरीस वरच्या कप्प्यातले, पेशींमधले आणि खालच्या कप्प्यातले प्रमाण यांची बेरीज मांडावी. ती घातलेल्या मात्रेपेक्षा बरीच कमी भरली, तर उरलेले कण प्लास्टिकला वा पटलाला चिकटले आहेत का, हे तपासल्याशिवाय पारगम्यतेचा, म्हणजे कण थरातून किती सहज पार होतात याचा, आकडा नोंदवू नये.